आबांची रेवती

आबांच्या घरात ‘डोकं दुखतंय’ असं म्हणायची सोय नव्हती.

मी तिथे राहायला गेले त्याच आठवड्यात हे कळलं. ऑफिसातून आले, चपला काढल्या आणि सहज बोलून गेले, “आज डोकं नुसतं ठणकतंय.” आबा टेबलाशी मटार सोलत बसले होते. ताट सरकवून उठले ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“कुठल्या बाजूचं? कधीपासून? डोळ्यांपुढे अंधारी येते का? दोन्ही हात वर करा. आता हसा.”

मला हसू येईना. त्यांनी बीपीचं मशीन आणलं. मशीनने सगळं ठीक सांगितलं तरी त्यांचं समाधान झालं नाही. खाली जाऊन रिक्षा थांबवली आणि मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी माझ्याऐवजी आधी आबांकडे बघितलं आणि विचारलं, “नवीन भाडेकरू का?”

मी खेडकडची. ठाण्यात नोकरी लागली आणि डोंबिवली पूर्वेला आबांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने मिळाली. घरात आबा आणि त्यांची नात ओवी. ओवी अकरावीला. तिचे बाबा गुजरातेत एका प्लांटवर, महिन्यातून एकदा येणार. आबा एसटीतून रिटायर झालेले, सगळी नोकरी ठाण्यातल्या खोपटच्या डेपोत काढलेली. वाहतूक नियंत्रक. म्हणजे केबिनमध्ये बसून कुठली गाडी आली, कुठली सुटली ते बघायचं आणि माइकवरून पुकारायचं. तो आवाज त्यांनी घरीही आणला होता. सकाळी बाथरूमच्या दारावर टकटक झाली की पाठोपाठ यायचं, “आंघोळीसाठी थांबलेल्या प्रवाशांचा खोळंबा होत आहे.” ओवीला याचा भयंकर राग यायचा. मला मजा वाटायची. नंतर नंतर काळजी वाटायला लागली, कारण या माणसाच्या गमतीसुद्धा कुठल्यातरी धास्तीतून येतात हे माझ्या लक्षात आलं होतं.

ते घरातही पायात कॅनव्हासचे बूट घालत. नाड्या बांधून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “अचानक धावायला लागलं तर?” कुठे धावायचं ते काही सांगितलं नाही.

आणखी एक नियम होता. भांडण अर्धं टाकून कोणी घराबाहेर पडायचं नाही. एकदा सकाळी फोनवर माझं भावाशी वाजलं. मी फोन कट केला, पर्स उचलली, तर आबा दारात आडवे. “आधी पुरं कर.” मी म्हटलं, आबा मला उशीर होतोय. “होऊ दे. त्याला परत फोन लाव. गोड बोलायची गरज नाही, पण पुरं कर.” मी तिथेच उभी राहून भावाला फोन लावला, दोघंही आणखी पाच मिनिटं तावातावाने बोललो, शेवटी तोच म्हणाला, बरं, ठेव आता. आबा बाजूला झाले. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचले आणि दिवसभर मला हलकं हलकं वाटत राहिलं, हे मात्र खरं.

या सगळ्याचं कारण मला ओवीच्या बाबांनी सांगितलं. तेही जिन्यात, आवाज खाली आणून. ओवीची आई, म्हणजे आबांची एकुलती एक मुलगी, शहाडला एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती. एके दिवशी सकाळी तिचं डोकं दुखत होतं. तरी ती निघाली. शहाड स्टेशनच्या बाहेर पडली ती पडलीच. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. ओवी तेव्हा सातवीत होती आणि त्या सकाळी शाळेच्या सहलीवरून आईशी भांडून, न बोलता शाळेत गेली होती.

“हा विषय घरात काढू नका,” ओवीचे बाबा म्हणाले. “ओवी विचारत नाही. आम्हीही बोलत नाही.”

बोलत नव्हते, पण आबा लिहीत होते.

ओवी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचायची. जादू, भुतं, काळात मागे जाणारी मुलं-मुली. आईनंतर तिने बोलणं कमी केलं आणि ही पुस्तकं वाढवली. आबांनी त्यातली तीन-चार डिक्शनरी घेऊन वाचून काढली आणि ठरवलं की असलं एक मराठीत आपण लिहायचं, तिच्यासाठी. जन्मात गाड्यांच्या वेळांशिवाय काही न लिहिलेला माणूस. लांब, गोल अक्षरात लिहायचे आणि शनिवारी दुपारी माझ्याकडून टाइप करून घ्यायचे. मी टाइप करताना मागे उभे राहत. त्यांचा श्वास माझ्या कानाशी. एखाद्या वाक्याला माझी बोटं थांबली की लगेच विचारायचे, “का थांबलीस? खोटं वाटतंय का?”

कादंबरीतली मुलगी रेवती. सोळा वर्षांची, डोंबिवलीची. आई वारलेली. खोपटच्या डेपोत मागच्या भिंतीशी भंगारातल्या गाड्या उभ्या असतात तिथे एक गाडी लागते, जी कोणी पुकारत नाही. तिचा कंडक्टर मेलेला आहे. टोपीखाली त्याला चेहरा नाही, हातात जुना तिकिटाचा पंच. ही गाडी मागच्या वर्षांमध्ये जाते. तिकिटाला पैसे चालत नाहीत. एक आठवण द्यायची. कंडक्टर पंच दाबतो, टिक असा आवाज होतो आणि ती आठवण तुमच्या डोक्यातून जाते, कायमची. रेवतीला आईपर्यंत पोचायचं आहे आणि तिच्याकडे द्यायला आहेत त्या आईच्याच आठवणी.

हे मी टाइप केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आबांना मात्र वेगळीच चिंता. “गाडी मागच्या वर्षात गेली, तर ड्रायव्हरची ड्युटी कशी धरायची? तो परत कधी येणार? गेलेली गाडी परत यायला पाहिजे. मुक्कामाची असली तरी सकाळी परत येते.” यावर त्यांनी दोन शनिवार घालवले. मी म्हटलं, आबा, भूत आहे तो. म्हणाले, “भूत असलं म्हणून काय झालं, ड्युटी आहे ना?”

रेवतीच्या तोंडी आजकालच्या मुलींची भाषा हवी म्हणून ते एका ज्युनियर कॉलेजच्या गेटसमोर जाऊन उभे राहू लागले. पांढरे केस, कॅनव्हासचे बूट, कान पुढे केलेला. तिसऱ्या दिवशी दोन मुलींनी वॉचमनकडे तक्रार केली. वॉचमनने त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. ओवीला तिच्या कॉलेजातून जाऊन सांगावं लागलं की हे माझे आजोबा आहेत. ती रडवेली होऊन घरी आली. “आबा, लोक काय समजतील तुम्हाला? कळतंय का तुम्हाला?” आबा खाली मान घालून ऐकत होते. ती आत गेल्यावर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “‘भाई, सीन झालाय.’ भानगड झाली की असं म्हणतात. मुलीसुद्धा.” पुढच्या प्रकरणात रेवती बिनचेहऱ्याच्या कंडक्टरला हेच म्हणते.

रविवारी सकाळी वाचन. आबा खुर्चीत, मी जमिनीवर, ओवी बाल्कनीत आमच्याकडे पाठ करून, कानात इअरफोन घालून. आबा तरी तिच्या पाठीला वाचून दाखवायचे. मला त्यांची दया यायची. मग एका रविवारी मी पाणी आणायला उठले तर ओवीच्या इअरफोनची वायर तिच्या मांडीवरून खाली लोंबत होती. तिचा मोबाइल आत चार्जिंगला लावलेला होता.

मी पाणी आणलं आणि परत जागेवर येऊन ऐकत बसले.

रेवती आठवणी देत देत त्या सकाळपर्यंत पोचली. आपल्याच घराच्या दारात. आतून आईच्या बांगड्यांचा आवाज येतोय. रेवतीचा हात बेलवर. आणि आबा थांबले.

आठवडे गेले. शनिवारी मी लॅपटॉप उघडून बसायचे, ते फेऱ्या मारायचे. “वाचवायची का तिच्या आईला?” मला विचारायचे. “वाचवली तर ओवी म्हणेल, आबांनी खोटं लिहिलं. नाही वाचवली, तर मी परत एकदा...” वाक्य पुरं करायचे नाहीत. खाणं कमी झालं. दारावर टकटक केली तरी पुकारणं बंद झालं, आणि ते बंद झाल्यावर घर एवढं शांत झालं की मला ऑफिसातून परत यायची भीती वाटायला लागली. एकदा ओवीने, चहाचा कप धुता धुता, वळून न बघता विचारलं, “पुढचं कधी?”

आबा दचकले. तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. म्हणाले, “गाडी लेट आहे, बाळा.”

ओवीने कप आपटला. “तुमची गाडी नेहमीच लेट असते.”

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी मी ऑफिसात डबा उघडला होता. आबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. “ओवी कॉलेजला गेलीच नाही. कॉलेजचा मेसेज आला. फोन बंद आहे तिचा. तू खोपटला जा. लगेच जा. मी निघालोय.”

“खोपटला कशाला, आबा?”

“ती गाडी बघायला गेली असेल. मीच तिला सांगितलंय ना कुठे लागते ती.”

मी ऑफिसातून रिक्षाने खोपटला गेले. डेपो उन्हात तापलेला, शिवनेरीच्या रांगेत लोक, पेरूवाला, झोपलेली कुत्री. ओवी नव्हती. बायकांच्या टॉयलेटपर्यंत जाऊन आले. आबा आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ते थेट मागच्या भिंतीकडे गेले. तिथे खरंच भंगाराला काढलेल्या चार-दोन गाड्या उभ्या होत्या, टायर नसलेल्या, गवत वर आलेलं. आबा एकेका गाडीत चढत होते. सीटांखाली वाकून बघत होते. एका गाडीत एक ड्रायव्हर भाकरी खात बसला होता, तो घाबरून उभा राहिला. “कोणाला शोधताय, काका?” आबा पुढच्या गाडीत चढलेसुद्धा. मी सांगितलं, नात आहे, निळी सॅक, केस कापलेले. तो भाकरी तशीच ठेवून आमच्याबरोबर शोधायला लागला.

मग आबा केबिनकडे वळले. आतला नियंत्रक तरुण होता, पण आबांना ओळखत होता. त्याने उठून खुर्ची दिली. आबा बसले नाहीत, फक्त माइक हातात घेतला. मी काचेबाहेर उभी होते. आवाज वरच्या कर्ण्यातून आला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डोंबिवलीहून आलेली रेवती जिथे असेल तिथून तिने नियंत्रण कक्षाकडे यावे. रेवती, बाळा, तुझे आजोबा इथे उभे आहेत.”

दोनदा पुकारलं. लोक वर बघत होते. मग आबांनी माइक खाली ठेवला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बाहेर येऊन म्हणाले, “काय नाव घेतलं मी?”

मला खोटं बोलता आलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. “ताई, मी ओवी. आबांना घाबरवू नको. मी शहाडला आहे.”

“शहाडला कुठे? ओवी? हॅलो?” फोन कट झाला. परत लावला तर कुणी उचलेना.

आम्ही टॅक्सी केली. भिवंडी बायपासला ट्रकांची रांग लागली तेव्हा आबा एकदम म्हणाले, “नदी आहे ना तिथे. उल्हास.” मी म्हटलं, आबा, तिने स्वतः फोन केलाय. ज्याला काही वाईट करायचं असतं तो फोन करून ठिकाण सांगत नाही. ते म्हणाले, “तुला काय माहीत कोण काय करतं?” मला खरंच माहीत नव्हतं. मी तो नंबर लावत राहिले. कोनगाव आलं, दुर्गाडीचा पूल आला. पुलावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर वळ उठले होते.

“मी तिला त्या गाडीत बसवायला नको होतं,” ते म्हणाले. “पोर खरं समजली.”

शहाड स्टेशनच्या बाहेर, जिन्याच्या पायथ्याशी, एक म्हातारी बाई पालेभाजी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी उलट्या क्रेटवर ओवी. मांडीवर मेथीची जुडी, पानं खुडत होती. आम्हाला बघून उठली नाही.

“तुमची का पोर?” म्हातारी म्हणाली. “सकालधरनं जिना वर-खाली करतंय. मीच बसवली. जेवली बी नाय. फोन माझ्या नातवाच्यावरनं लावला, तो गेला पानी भराया.”

आबा ओवीसमोर खालीच बसले, फरशीवर. “बाळा, ती गाडी खरी नाही. मी बनवलेली आहे. तसं कुठे जाता येत नाही.”

ओवीने त्यांच्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं.

“आबा, मी वेडी नाहीये. मला माहीत आहे गाडी नाही. मी इथे कधी आलेच नव्हते. आई कुठे पडली ते बघायला आले. तुम्ही कुणी सांगितलंच नाही. तुम्ही रेवतीला सगळं दाखवता. भुताला, कंडक्टरला, सगळ्यांना माहीत आहे तिच्या आईचं काय झालं. मला नाही माहीत.” तिचा आवाज चिरकला. “मी तासभर विचारत फिरले इथे. कुणालाच आठवत नाही.”

म्हातारी म्हणाली, “मी तवा इथं बसत नव्हते गो.”

वर एक लोकल येऊन थांबली, माणसं आमच्या बाजूने उतरून गेली. मग आबांनी हात करून दाखवलं. “त्या खांबापाशी. मी आलो तेव्हा तिथे कुणीतरी तिच्या डोक्याखाली पर्स ठेवली होती.”

आणि ते सांगायला लागले. कर्ण्यातला आवाज नव्हता तो, मी तो आधी ऐकलेला नव्हता. सकाळी तिने चहा घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणाली. “मी म्हटलं, गोळी घे आणि जा. सुट्ट्या संपल्यात तुझ्या. मी म्हटलं असं, ओवी. मीच पाठवली तिला.” हॉस्पिटलात काय झालं ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, तिला शुद्ध आली नाही तेही सांगितलं. काही झाकलं नाही. ओवी मेथी हातात धरून ऐकत होती.

“माझ्यावर रागावली होती का ती?” तिने विचारलं.

मला वाटलं, आता आबा नाही म्हणतील. कुणीही नाही म्हटलं असतं.

“रागावली होती,” आबा म्हणाले. “जिना उतरताना म्हणाली, ‘आल्यावर बघते तिच्याकडे.’”

ओवी रडायला लागली. खूप रडली. भाजीवाल्या म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मध्येच ओवीने नाक पुसलं आणि म्हणाली, “म्हणजे ती येणार होती.”

“हो गं. यायचंच होतं तिला.”

परत येताना दोघं मागच्या सीटवर झोपून गेले. मी पुढे बसून आरशात त्यांच्याकडे बघत होते.

नंतर काही दिवस घरात खूप बोलणं झालं. कपाटातून आईचा फोटो बाहेर आला. ओवी प्रश्न विचारायची, कधी जेवताना, कधी दात घासता घासता. एकदा तिने आबांवर तोंडसुखही घेतलं, गोळी घे आणि जा असं का म्हणालात म्हणून. आबा उभे राहून ऐकत राहिले आणि ती दमल्यावर तिला पाणी दिलं. असं चालू असताना एका सकाळी ती आबांच्या खोलीच्या दारात आली.

“आबा, रेवती अजून बेलवर हात ठेवून उभी आहे.”

“मी सोडलं ते लिहिणं, बाळा. काय करू कळेना मला. वाचवली तर खोटं होतं.”

“मग होऊ दे ना,” ओवी म्हणाली. “खरं काय झालं ते मला माहीत आहे आता. गोष्ट आहे ही. वाचवा तिला.”

“अगं, पण नियम आहेत. आठवणी देऊन टाकल्यात तिने. त्या परत मिळत नाहीत.”

“तुम्ही कंट्रोलर आहात ना? कंडक्टरला झापा.”

आबांनी ते प्रकरण एका बैठकीत लिहिलं. मी टाइप करताना ते मागे उभे राहिले नाहीत, बाल्कनीत जाऊन बसले. ही कादंबरी छापली मात्र गेली नाही. एका प्रकाशकांनी भाषा जुनी आहे म्हणून परत पाठवली, दुसऱ्यांनी ड्युटीचे तपशील फार आहेत म्हणून. आबांना विशेष वाईट वाटलं नाही. दोघांचंही बरोबर आहे, म्हणाले.

माझं लग्न ठरलं होतं, खोली सोडायची होती. जायच्या आधीच्या रविवारी शेवटचं वाचन झालं. मी प्रिंट काढून आणल्या होत्या. ओवी आबांच्या समोर मांडी घालून बसली. कंट्रोलरने झापल्यावर कंडक्टरने आठवणी परत केल्या आणि रेवतीने बेल वाजवली. आईने दार उघडलं. रेवती म्हणाली, गोळी नको, डॉक्टरकडे चल, आत्ताच्या आत्ता. मग ती न पुकारलेली गाडी डोंबिवलीच्या अरुंद गल्लीत शिरली, भुताने घंटी वाजवून रिक्षावाल्यांना बाजूला केलं आणि हॉस्पिटलच्या दारात आणून सोडलं. आई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय केलं, तर रेवतीला विचारलं, तू कॉलेज बुडवून इथे काय करते आहेस?

ओवी हसली. मग म्हणाली, “आणि मग?”

ते शेवटचं पान होतं. त्याच्या मागे एक कोरा कागद होता, प्रिंटरमधून जादा आलेला. मीच तो तसाच लावून दिला होता. आबांनी पान उलटलं. त्या कोऱ्या कागदाकडे क्षणभर बघितलं, चष्मा नीट केला आणि पुढे वाचायला सुरुवात केली.